ढोल आमचे, हकालपट्टी कोचची

अन्याय झाला तो आमच्या गावच्या अमेरिकन फुटबॉल क्लबच्या कोचवर. कधी झाला तेही सांगते. यंदाच्या फिंग्स्टमोन्टागला, सकाळी साडेअकराच्या सुमारास, क्लबच्या खानावळीत, पांढरे सॉसेज खाता खाता. फिंग्स्टमोन्टाग म्हणजे फिंग्स्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार, सरकारी सुट्टी. त्या दिवशी बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात, भिंतीला खिळा ठोकता येत नाही, गवत कापता येत नाही, रिकाम्या बाटल्या काच टाकायच्या पेटीत टाकल्या तरी समोरची म्हातारी खिडकीतून डोकं बाहेर काढून बघते. माणसाला कामावरून काढता मात्र येतं. त्याचा आवाज होत नाही ना.

आता मी कोण, ते. मी रेगेन्सबर्गच्या विद्यापीठात पीएचडी करते आणि तिथली भाडी परवडत नाहीत म्हणून डॅन्यूबच्या काठाने थोडं पुढे, एका लहान गावात राहते. पुण्यात कॉलेजात असताना फीवाढीविरुद्ध पत्रकं लिहायची, वाटायची, भिंतीवर चिकटवायची आणि शिपायाने फाडली की पुन्हा चिकटवायची, एवढंच माझं सार्वजनिक शिक्षण. तेव्हा भाषेत गोडवा कमी आहे. ज्यांना गोडवा हवा त्यांनी आमच्या मराठी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप वाचावा. तिथे सकाळी सातपासून गुलाब असतात.

या गावात करमणूक म्हणजे चर्च, बिअरचा तंबू आणि अमेरिकन फुटबॉल. हा खेळ पायाने फारसा खेळत नाहीत, तरी नाव फुटबॉल. जर्मनांनी या बाबतीत पहिल्यांदाच नियम विचारला नाही. मी क्लबात गेले ती साखळी धरायला. कोट्यवधींचा खेळ, कानात यंत्रं, हातात टॅबलेट, पण चेंडू किती पुढे गेला हे अजूनही दोन काठ्यांना बांधलेल्या साखळीने मोजतात. आमच्या तलाठ्याला बोलावलं असतं तर त्याने डोळे मिटून काम केलं असतं. मला साखळीचं टोकही मिळालं नाही. मिळाली ती तिसरी काठी, चेंडू आत्ता कुठे आहे ते दाखवणारी. चेंडू पुढे गेला की मी पुढे, मागे आला की मी मागे. मोबदला, एक सॉसेज. मी शाकाहारी, म्हणून बटाट्याची कोशिंबीर.

कोचची ओळख तिथेच झाली. मला तो पहिल्या दिवसापासून "प्रोफेसर" म्हणायचा, कारण पीएचडी करणारी बाई पावसात काठी धरून उभी राहते याचं त्याला अतोनात कौतुक वाटायचं. मूळचा ओहायोचा. पन्नाशीचा. आवाज कायमचा बसलेला. या धंद्यात माणूस काय कमावतो म्हणाल, तर राहण्याचे नवनवे पत्ते. हायस्कूलला शिकवलं, मग एका कॉलेजात सहायकाचा सहायक झाला, मोठ्या कोचला काढलं की त्याच्याबरोबर सगळी टोळी बाहेर. मग दुसरं राज्य, दुसरं कॉलेज, पुन्हा तेच. पुढे युरोप. ऑस्ट्रियात एक मोसम, इटलीत दीड. अर्धा का, तर मालकाचा पुतण्या अमेरिकेतले व्हिडिओ बघून आला आणि म्हणाला मला येतं.

"तुझं सामान कुठे असतं?" मी एकदा विचारलं.

"कुठलं सामान?" तो म्हणाला.

त्याचा एक नियम होता. घरात पडदे लावायचे नाहीत. पडदे लावले की आठवड्यात फोन येतो, हा त्याचा अनुभव. आमच्या क्लबने मात्र त्याला तीन मोसमांचा शब्द दिला, एका प्रायोजकाचा फ्लॅट दिला आणि गावच्या खाटकाची गाडी दिली, जिच्या दोन्ही दारांवर हसणारं सॉसेज रंगवलेलं होतं. त्या गाडीतून उतरून हा माणूस मुलांना शिस्त शिकवायचा, आणि मुलं शिकायचीही. वसंतात त्याने मला विचारलं, "प्रोफेसर, पडदे कुठे मिळतात?" त्याची मुलगी शाळेच्या सुट्टीत पूर्ण उन्हाळा राहायला येणार होती. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच. आतापर्यंत ती यायची ठरली की याचा पत्ता बदललेला असायचा. आम्ही जाऊन हिरवे पडदे आणले. मीच स्टुलावर चढून लावले. तो खाली उभा राहून छताकडे बघत होता, छत आता कोसळणार असल्यासारखा.

एवढं लक्षात ठेवा. या माणसाला काय हवं होतं, तर ऑगस्टपर्यंत तोच पत्ता.

आता आमचे लोक.

आमचं मंडळ म्हणजे कार कारखान्यातले इंजिनिअर, त्यांच्या बायका, त्यांची मराठी कळणारी आणि जर्मनमध्ये उत्तर देणारी मुलं, आणि माझ्यासारखे काही विद्यार्थी, जे जेवणाला येतात. मंडळाचं ढोल-ताशा पथक आहे. पथक उत्तम आहे, हे मी वैऱ्यासारखी बोलत असले तरी मान्य करते. पण जर्मनीत ढोलाचा सराव करायचा कुठे? पार्किंगमध्ये केला, पोलीस आले. जंगलाच्या कडेला केला, वनखात्याचा माणूस आला, म्हणाला हरणं गाभडतील. नदीकाठी केला, तेव्हा बदकांच्या वतीने एक आजोबा आले. रूहेत्साइट नावाचा जो शांततेचा काळ असतो तो दुपारी, रात्री आणि अख्खा रविवार. उरलेल्या वेळात आमचे लोक ऑफिसात.

शेवटी क्लबने हात दिला. म्हणाले, आमच्या मैदानावर करा सराव, घरच्या सामन्यांना वाजवा. फक्त विम्यासाठी सगळ्यांनी क्लबचं सभासद व्हायला हवं. झालं. पथक सहकुटुंब सभासद झालं. जर्मन फेराइनचं, म्हणजे नोंदणीकृत संस्थेचं, सभासदत्व म्हणजे काय ते कुणी वाचलं नाही. मी वाचलं. प्रत्येकाला एक मत असतं. हेही लक्षात ठेवा.

कोच ढोलांवर जाम खूश. पहिल्याच सरावाला तो पथकाकडे आला आणि त्याने नियम समजावला. मी दुभाषी. नियम साधा आहे. चेंडू आपल्या मुलांकडे असतो तेव्हा चिडीचूप. कारण आपला मुख्य खेळाडू ओरडून इशारा देतो, त्या इशाऱ्यावर सगळे एकदम हलतात, आणि इशारा ऐकू आला नाही म्हणून कुणी आधी हलला तर पिवळा रुमाल पडतो, संघ पाच यार्ड मागे. चेंडू समोरच्यांकडे असला की मात्र वाजवा, त्यांचे कान फुटेपर्यंत.

"म्हणजे आपली पोरं खेळत असताना गप्प बसायचं?" पथकप्रमुखाने तीनदा विचारलं.

"हो."

"आणि विरोधकांसाठी वाजवायचं?"

"त्यांच्यासाठी नाही रे. त्यांच्यावर."

"विचित्रच आहे," तो म्हणाला. आपल्याकडे गप्प बसतात ते मयताला. पण इंजिनिअर मंडळी, सूचना पाळायची सवय. पहिल्या दोन सामन्यांत चोख पाळलं. पाहुण्या संघाची अशी दाणादाण उडाली की त्यांच्या कोचने कानात कापूस घातला. आमच्या कोचने हात खाली दाबले की ढोल थांबत, वर उचलले की सुरू. पेपरात फोटो आला. मंडळाच्या अध्यक्षांनी तो फ्रेम केला. फोटोत कोच दिसत नव्हता, अध्यक्ष दिसत होते.

मग फिंग्स्टचा रविवार आला.

म्यूनिकहून दुसरं पथक पाहुणं आलं होतं. अध्यक्षदादांचे सासू-सासरे पुण्याहून आले होते. फेटे होते, नऊवारी होत्या, ड्रोन होता. पाहुण्या पथकाला नियम कुणी सांगितला? कुणीच नाही. सांगायला गेलं तर आपण त्यांना गप्प बसवतोय असं दिसलं असतं, आणि पाहुण्यांना गप्प बसवणं आपल्यात बसत नाही.

शेवटची मिनिटं. आम्ही थोडक्यात मागे. चेंडू आमच्याकडे, आणि गोलरेषा इतकी जवळ की माझी काठी आडवी टाकली असती तर पोचली असती, असं मला वाटत होतं. पथकं उभी होती ती बरोब्बर त्याच रेषेमागे. आणि म्यूनिकच्या पथकाने ढोल उचलले. आपण जिंकतोय, आता नाही वाजवायचं तर कधी? आमच्यांनी दोन क्षण कोचकडे पाहिलं. मग पाहुणे वाजवतायत आणि आपण उभे, हे कसं दिसेल? उचलले.

काठीवाले नियमाने पाहुण्या संघाच्या बाजूला उभे राहतात आणि तोंडातून शब्द काढायचा नसतो, आम्ही तटस्थ. समोरच्या काठावर मला कोच दिसत होता. दोन्ही हात खाली दाबत होता. मग गुडघ्यात वाकून दाबत होता. मग उड्या मारून दाबत होता. ड्रोनच्या व्हिडिओत आमच्या पथकातल्या एकाचा आवाज स्पष्ट आहे: "अरे, कोच नाचतोय बघ! अजून जोरात!"

पिवळा रुमाल. पाच यार्ड मागे. मी काठी उचलून मागे.

पुन्हा रुमाल. पुन्हा मागे. माझ्या शेजारी पाहुण्या संघाचा कोच कानातला कापूस काढून हसत होता. मला म्हणाला, "हे वाजवणारे कुणाचे? आम्हाला विकता का?"

मी ओरडले, "अरे थांबवा, मूर्खांनो!" मराठीत. ऐकू गेलं ते फक्त पंचाला. तो म्हणाला, तटस्थ राहा नाहीतर काठी ठेवून घरी जा. तिसरा रुमाल. गोलरेषा आता दिसत होती तेवढीच. मग एक लांबचा पास, तो समोरच्याने झेलला, आणि सामना संपला. ढोल त्यानंतरही चालू होते. हरलो हे कळायला आमच्या लोकांना वेळ लागला, कारण सेल्फी चालले होते.

आता या धंद्यातली एक रीत सांगते, कारण सगळा घात तिने केला. हरल्यावर अमेरिकन कोच म्हणतो, चूक माझी. चेंडू कुणीही सोडो, पाय कुणाचाही घसरो, कोचने पुढे होऊन म्हणायचं, याची जबाबदारी माझी. ही तिकडची सभ्यता आहे. ऐकणाऱ्यालाही माहीत असतं की ती सभ्यता आहे. आमचा कोच मुलांच्या घोळक्यात उभा राहिला आणि म्हणाला, "आज आपण बेशिस्त दिसलो. बेशिस्त म्हणजे कोचिंगची चूक. हा पराभव माझा." गावच्या पेपरवाल्यालाही तेच म्हणाला. ढोलांबद्दल अवाक्षर नाही.

आणि जर्मनांनी ते शब्दशः घेतलं.

क्लबचा चेअरमन खिडक्या-दारांच्या कारखान्याचा मालक आहे. त्याच्या दृष्टीने माणूस स्वतः होऊन म्हणाला चूक माझी, म्हणजे प्रकरण मिटलं. सही तेवढी राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने कोचला न्याहारीला बोलावलं. पांढरे सॉसेज बाराच्या ठोक्याआधी खायचे असतात ही बायर्नची रीत, म्हणून हकालपट्टीही बाराच्या आत उरकली. दोन खेळाडू मध्ये बोलायला गेले, आम्हाला काही ऐकूच येत नव्हतं म्हणाले, तर चेअरमन म्हणाला, "आल्झो, हे बघा, कोच स्वतः सांगतो त्याची चूक होती. तुम्ही त्याला खोटं पाडणार?" तीन मोसमांचा शब्द हा शब्दच होता, कागदावर एकच मोसम होता आणि त्यात बेशिस्तीचं कलम होतं.

मी मैदानावर होते, शेडमधले ढोल मोजून कुलूप लावायला. कोच बाहेर आला तो चालत. खाटकाने गाडीची किल्ली न्याहारीच्या टेबलावरच परत घेतली होती.

"फ्लॅट?" मी विचारलं.

"महिनाअखेर."

"आणि मुलगी?"

तो म्हणाला, "तुला सांगितलं होतं, पडदे लावू नयेत."

मी तिथल्या तिथे म्हटलं, मी पत्रक काढते. तो थांबला. पहिल्यांदाच मला रागावून बोलला. "तू नाही. खेळाडू नाहीत. कोचने सबबी पसरवल्या असं एकदा झालं की मला पुढे कुणी दारात उभं करणार नाही. मी बोलणार नाही. ज्यांनी वाजवलं ते स्वतःहून बोलले, तर मी त्यांना अडवणार नाही."

चांगला माणूस. त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला. असल्या चांगुलपणावर जगातले सगळे चेअरमन जगतात.

ज्यांनी वाजवलं त्यांची बैठक बुधवारी अध्यक्षदादांच्या घरी होती. विषय, रविवारच्या यशस्वी कार्यक्रमाचा आढावा. यशस्वी! बटाटेवडे होते. मी म्हटलं, "दादा, क्लबला दोन ओळी लिहून द्या. शेवटी आवाज आमचा होता, मुलांना इशारा ऐकू गेला नाही, कोच आम्हाला थांबवत होता. बास."

"अगं, पण तोच म्हणालाय ना, चूक माझी?" दादा म्हणाले. "आपण मध्ये पडणारे कोण?"

"आपण वाजवणारे."

पथकप्रमुख कारखान्यात क्वालिटीत आहे. दरवाजा करकरला तर पाच वेळा 'का' विचारून मुळापर्यंत जायचं, हेच त्याचं काम. त्याने वडा खाली ठेवला. "हे बघ, ढोल वाजत होते आणि फाउल झाले. एकाच वेळी झाले म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं नाही होत. डेटा लागतो."

"डेटा तुझ्या स्टेटसला आहे. ढोल तुझा, मागे रुमाल पडतोय, खाली लिहिलंयस 'प्राउड मोमेंट'. तिथे दरवाजासाठी पाच वेळा का विचारतोस, इथे एकदा तरी विचार."

"विचारतो. का?" तो म्हणाला. सगळे हसले.

मग ताशावाल्या वहिनींनी खरं काय ते सांगून टाकलं, आणि त्याबद्दल मी त्यांना मानते. "तू एकटी आहेस, तुझं ठीक आहे. क्लबला कळलं ढोलांमुळे हरलो, की पहिलं मैदान जाईल. गणपतीला सराव कुठे करायचा? परत बदकांपुढे?"

"त्याचं घर जातंय, वहिनी. इथे राहायचा परवानाही नोकरीला बांधलाय त्याचा."

हातातले वडे ताटलीत परत गेले. कारण हे वाक्य त्या खोलीत प्रत्येकाला कळतं. ज्यांच्या घरी पहिली दोन-तीन वर्षं नोकरी गेली तर काय, याशिवाय रात्रीच्या जेवणाला दुसरा विषय नव्हता, असे लोक होते ते सगळे. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात दादा म्हणाले, "अगं, पण तो अमेरिकन आहे. त्यांना काय, कुठेही मिळतं."

आणि सगळ्यांना हायसं वाटलं! श्वास सुटल्याचा आवाज मी ऐकला.

एवढ्यात कोपऱ्यातून सासरेबुवा बोलले. "जावईबापू, मला त्या दिवशीच वाटलं होतं. तो मनुष्य नाचत नव्हता. गप्प बसा म्हणत होता. आमच्या बँकेत साहेब अस्सेच हात करायचे."

"अहो, तुम्ही गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला काय कळतंय त्या खेळातलं."

त्या चार दिवसांत आमच्या लोकांनी यशस्वीपणे गप्प बसवलेला हा एकमेव माणूस.

मग मी नियमपुस्तक काढलं. क्लबच्या सभासदांपैकी ठरावीक भागाने सह्या केल्या तर जादा सभा बोलवावीच लागते. आमचं पथक सहकुटुंब मोजलं तर तेवढ्या सह्या एका खोलीत बसल्या होत्या, वडे खात. मी कागद फिरवला. लोकांनी तो वाचला, शुद्धलेखन चांगलं आहे म्हणाले, आणि पुढच्याकडे दिला. कागद खोलीभर फिरून माझ्याकडे परत आला, त्यावर तेलाचे डाग होते, सही एकच, माझी. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मी तेच लिहिलं. खाली सात जणांनी हात जोडले. मग ग्रुपवर फक्त ॲडमिनने लिहायचं असं ठरलं. गुलाब चालू राहिले.

कोच महिनाअखेरीला गेला. मी स्टेशनवर होते, दोन खेळाडू होते. सासरेबुवाही होते, एकटेच बसने आले होते, आणि इंग्रजीत त्याला म्हणाले, "व्हेरी सॉरी, सर." पथकातलं कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी सराव होता.

मुलगी आली नाही. कोच आता ऱ्हाइनकाठच्या एका गावात संध्याकाळी शाळकरी पोरांना चेंडू झेलायला शिकवतो आणि तिथल्या एका सहायकाच्या सोफ्यावर झोपतो. मोठ्या संघांनी त्याला विचारलं नाही, कारण आमच्या क्लबने दिलेल्या प्रशस्तिपत्रात लिहिलंय की या कोचने संघाला शिस्त लावण्याचा सदैव प्रयत्न केला. जर्मन प्रशस्तिपत्रात 'प्रयत्न केला' याचा अर्थ काय, ते इथे नोकरी शोधलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जमलं नाही, असा.

हिरवे पडदे मात्र तिथेच आहेत. नवा कोच त्यांच्यामागे झोपतो. रस्त्यावरून दिसतात.

आणि आता मुख्य गोष्ट. नव्या कोचच्या पहिल्याच सामन्याला मी काठी घेऊन उभी राहिले, तर गोलरेषेमागे, ढोलांच्या बरोब्बर समोर, भली मोठी पाटी. चेंडू आपल्याकडे आला की ती उजळते. अक्षरं माणसाएवढी: RUHE. शांतता. खिडकीवाल्याने स्वतःच्या कारखान्यातून चौकट करून दिली आहे. आणि पाटी उजळली की आमचं पथक गप्प होतं, एकजात, टिपरू हवेत धरून.

म्हणजे क्लबला माहीत होतं. पथकाला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांनी पाटी लावली! तोंड उघडण्यापेक्षा पाटी लावणं स्वस्त पडलं. मी चेअरमनला गाठून विचारलं, ही पाटी का लावली?

"गेनाऊ, बरोबर विचारलंत, मागच्या वेळी फार आवाज झाला होता," तो म्हणाला, अगदी सहज.

"मग कोचला का काढलं?"

"तो म्हणाला ना, त्याची चूक होती."

पथकप्रमुखाला विचारलं, पाटीकडे बघून थांबतोस, मग तेव्हा कोचकडे बघून का नाही थांबलास? तो म्हणाला, "पाटी क्लिअर आहे."

मैदान गेलं नाही. ढोल गेले नाहीत. गणपती वाजतगाजत बसला, वाजतगाजत गेला. ज्या भीतीने सगळ्यांनी मूग गिळले ती भीतीच खोटी निघाली, पण गिळलेले मूग काही कुणी बाहेर काढले नाहीत.

हे वाचणाऱ्यांत त्या पथकातले बरेच जण असणार, कारण हे मी मंडळाच्या प्रत्येक घराच्या टपालपेटीत स्वतः नेऊन टाकणार आहे. बाकीच्यांनो, त्यांना ओळखत असाल तर फोन करा. नव्या कोचचा करार या मोसमापुरताच आहे, म्हणजे ती जागा पुन्हा भरायची आहे. क्लबची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे, त्याच खानावळीत. तुम्ही सभासद आहात. ठराव मी मांडलाय: ते प्रशस्तिपत्र मागे घ्या, नवीन लिहा आणि कोचला उरलेल्या दोन मोसमांसाठी परत बोलवा. तो स्वतःबद्दल बोलणार नाही, त्याने सांगितलंय. मलाही पत्रक काढू नको म्हणाला होता, तेवढं मी ऐकलं नाही. तुम्हालाच बोलावं लागेल. तेव्हा या. वडे खायला येता तसे सहकुटुंब या. चेअरमन विचारेल, या विषयावर कुणाला काही म्हणायचंय का. उभे राहा आणि म्हणा, ढोल आमचे होते. मग हात वर करा. जर्मन अडत असेल तर मराठीत म्हणा. भाषांतर मी करते.